धाकट्या जावेचे मराठी

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. यजमानांना नाही, मुलांना नाही, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे एका बाकावर बसून वह्या तपासल्या त्या शिक्षिकांनाही नाही. सांगायला कोणी नव्हते असे नव्हे — मी सांगितले नाही. या दोन वाक्यांतला फरक मी वर्गात मुलींना नेहमी समजावून देत असे. तो एकदा स्वतःलाही लावून पाहायला हवा.

सुरुवात एका प्रश्नापासून करते, कारण प्रश्न सोपा आहे. परकी भाषा माणसाला किती दिवसांत बोलता येते?

मला हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला. निजामाच्या अमदानीत विचारला गेला, कारण तेव्हा मराठी घरातला मुलगा वरच्या वर्गात गेला की भूगोलापासून गणितापर्यंत सारे उर्दूतून शिकावे लागे, आणि आईबाप शिकवणी शोधू लागत. पुढे ते राज्य गेले, शाळा मराठी झाल्या, तरी प्रश्न राहिलाच. फक्त उर्दूच्या जागी इंग्रजी आली. आणि मी दर वेळी एकच उत्तर दिले — नीट शिकवणारे माणूस मिळाले, तर दीड वर्ष. पुराव्यादाखल माझ्या धाकट्या जावेचे उदाहरण देत असे. लोकांना ते पटे. उदाहरण घरातले होते आणि सांगणारी बाई मास्तरीण होती. शंका कोण घेणार?

ते उत्तर खोटे आहे. चुकीचे म्हणत नाही, कारण चूक अजाणता होते.

भाषा कशी येते हे मला चांगले ठाऊक आहे. याबाबतीत उगाच विनय दाखवण्याचे कारण नाही. माझे माहेर मुरुमचे. तिथल्या बाजारात एकाच दुकानाच्या पायरीवर मराठी, कानडी आणि दखनी उर्दू एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून बसलेल्या असत. आमच्या घरी कानडी, शाळेत मराठी, आणि वडिलांच्या कापडाच्या दुकानात जो येईल त्याची भाषा. वडिलांनी मला शाळेत घातले, वर उर्दूसाठी एक म्हातारे मौलवीसाहेब घरी ठेवले. त्यामुळे मी लग्न होऊन ईटला आले तेव्हा माझ्याजवळ तीन भाषा होत्या आणि एक पत्र्याची पेटी — तिच्यात मराठीची वाचनपुस्तके, एक व्याकरण, उर्दूचा कायदा म्हणजे अंकलिपी, आणि पाठकोरा नकाशा.

ईट म्हणजे भूम तालुका. तिथे कानडीचा वाराही नाही. सासर धान्याच्या व्यापाराचे, जोडीला शेती, घरात लिंगपूजा, माणसे सालस. पण सून म्हणजे दोन हात, हा हिशेब तिथेही होताच. पेटी माळ्यावर गेली. मी तक्रार केली नाही. करायची असते हे माहीत नव्हते.

मला मुलगी झाली, ती रांगून उभी राहू लागली, आणि त्याच वैशाखात धाकट्या दिरांचे लग्न झाले. नवरी माझ्या वडिलांच्याच ओळखीतून आली होती — आळंदच्या पलीकडच्या खेड्यातली, नाव नीलव्वा. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि आमच्या घरात माझ्याशिवाय कानडीचा एक शब्द कोणाला येत नव्हता. पहिल्या दिवशी सासूबाईंनी — आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू — तिला पाण्याचा तांब्या आणायला सांगितला, तर तिने आदराने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. सगळी हसली. ती पण हसली. मला तिचे ते हसणे आवडले होते, हे इथे नोंदवून ठेवते.

आठवडाभर हा घोळ चालला. मग आत्याबाईंनी निकाल दिला.

“मोठे, दुपारच्याला तू धाकटीपाशी बस. निवडण-टिपण आमी बघतो. तिला बोलती कर बाई. न्हायतर दिवसभर मीच हातवारे करायचे, शेजारणीला वाटायचं म्हातारीच्या अंगात आलंय.”

अशी मला ती दुपार मिळाली.

ती दुपार काय होती, हे तुम्हाला नीट सांगायला हवे. नाहीतर पुढचे कळणार नाही. जेवणे उरकली, भांडी पालथी पडली, की घरातल्या बायका परातीत तूर घेऊन बसत, आणि ते बसणे दिवेलागणीपर्यंत संपत नसे. त्यातून मला मोकळीक मिळाली. बळदाला, म्हणजे धान्याच्या कोठाराला, लागून एक खोली होती — भर उन्हातही गार, आत जुन्या ज्वारीचा वास, उजेडाला एकच झरोका. माळ्यावरची पेटी खाली आली. आम्ही दोघी तिथे बसत असू. मी तिला शब्द देत असे — आज चुलीपाशचे, उद्या परड्यातले, परवा गोठ्यातले — आणि ती ते घोकत असताना मी माझे वाचत असे. कोणाची हाक नाही. कोणाचा हात मध्ये येत नाही. नकाशा पसरून मी नद्यांवरून बोट फिरवीत असे. लग्नानंतर पहिल्यांदा माझे डोके माझ्याकडे परत आले होते.

एका दुपारसाठी माणूस काय करील? — तुम्ही म्हणाल, फारसे काही नाही. मीही तसेच समजत होते.

नीलव्वा माझ्या धड्यांवर शिकली नाही. आज हे स्वच्छ सांगता येते. धड्याने तिला नावे दिली; भाषा तिने दुसरीकडून घेतली. पहाटे जात्यावर समोर बसणाऱ्या कामाच्या बाईकडून घेतली, पाणवठ्यावर घेतली, आणि सर्वांत जास्त माझ्या मुलीकडून घेतली. माझी मुलगी तेव्हा बोलू लागली होती. दोघी एकदमच शिकत होत्या. मुलगी म्हणे “चिऊ आली,” ती म्हणे “चिऊ आली.” मुलगी म्हणे “मला नको,” ती म्हणे “मला नको” — आणि दोघी कशालाच नको म्हणायचे नसताना तेवढेच म्हणत अंगणभर फिरत. लहान मुलापुढे माणसाला चुकण्याची लाज वाटत नाही. भाषेच्या वाटेवर खरा अडसर लाजेचाच असतो. तो निघाला की कान आणि जीभ आपापले काम बिनबोभाट करतात. मी पुढे इतकी वर्षे शिकवले, पण याहून महत्त्वाचे असे मला काही सापडले नाही.

श्रावणात तिला सगळे समजू लागले. भाद्रपदात तुटक बोलू लागली. मग नवरात्र आले.

घट बसायच्या आधी गावात कासारीण फिरत असे. त्या दिवशी आत्याबाई मठात गेल्या होत्या. मी बळदाच्या खोलीत पुस्तक उघडून नीलव्वाची वाट पाहत होते. परड्यातून आवाज आले.

“हात सैल सोड की गं. मुठीत काय लोखंड धरलंस?”

“सैलच हाय मावशी. तुमची बांगडीच मानपानाला अडलेल्या जावयावानी बसलीया. ना आत जाती, ना माघारी फिरती.”

दोघीतिघी हसल्या. कासारीण म्हणाली, “आन् ही मुकी हाय म्हून कोण सांगत हुतं मला?”

“मुकीच हाय मी,” नीलव्वा म्हणाली. “वरच्या घरात, सासू-सासऱ्यांपुढं.”

मी दाराआड उभी राहिले. भाषा आली, हे कशावरून ओळखावे? बिनचूक बोलण्यावरून नव्हे. बिनचूक तर पाठांतरही असते. माणूस त्या भाषेत थट्टा करू लागला, समोरच्याच्या शब्दाला शब्दाने अडवू लागला, की परीक्षा संपली. माझ्या मनाने तिथल्या तिथे गुण दिले — उत्तीर्ण. वैशाख ते नवरात्र. हे खरे उत्तर आहे. एवढ्या दिवसांत येते. शिकवणारा बरा असो की वाईट, त्याने फार फरक पडत नाही. आजूबाजूची माणसे बोलू देतात की नाही, याने पडतो.

आणि शिक्षिकेला अशा वेळी काय वाटायला हवे? आनंद, अभिमान — हो ना? मला भीती वाटली. आत्याबाईंना हे कळले, तर उद्यापासून परात माझ्या पुढ्यात येणार होती.

त्या दुपारी धड्याला बसल्यावर मी तिला कानडीत म्हणाले, की तू चांगली शिकते आहेस, पण वडीलधाऱ्यांपुढे एवढ्यात बोलू नकोस. तुझे बोलणे पाणवठ्याचे आहे. मामंजींपुढे तोंडातून काही वेडेवाकडे गेले, तर तुला कोणी बोलणार नाही. म्हणतील, आईने हेच शिकवले का?

शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले. तिच्या माघारी घरी एकटी आईच होती, आणि आईचे नाव निघाले की ही मुलगी जागच्या जागी गप्प होते, हे मी पाहिले होते. शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याची दुखरी जागा चटकन कळते. चांगला शिक्षक तिथे हात लावत नाही.

ती म्हणाली, “तुम्ही सांगाल तेव्हाच बोलेन, अक्का.”

तुम्ही विचाराल — एका घरात राहून ही गोष्ट लपते कशी? आजच्या घरात लपणार नाही. तेव्हा लपली, कारण रीतच माझ्या बाजूने होती. धाकट्या सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायचे नसे. सांगणे-मागणे सारे मोठ्या सुनेच्या तोंडून. आत्याबाईंनी काही सांगितले तर मान हलवून ते करायचे, एवढेच. तिचे मौन अदबीत जमा झाले आणि उरलेले मंदपणात. दीर हैदराबादेस शिकत होते, सणासुदीला येत. त्यांना नक्कीच माहीत असणार. पण बायको आपल्याशी काय बोलते, हे घरात सांगणे तरुण नवऱ्याला शोभत नसे. तेही गप्प राहिले. गड्यामाणसांना ठाऊक होते, पण वरच्या घराच्या गोष्टी त्यांना कोण विचारणार?

एक वर्ष असेच गेले. आत्याबाई मधूनमधून विचारीत, “मोठे, आजून किती दिस गं?” मी शांतपणे सांगत असे, की कानडी जिभेला मराठीचे वळण यायला वेळ लागतो. आणि त्या विश्वास ठेवीत. ज्याला एखादी गोष्ट येते, त्याचे त्या गोष्टीतले खोटे कोणी तपासत नाही. घरात नीलव्वाला ‘मुकी’ म्हणू लागले — प्रेमाने म्हणत, तरी मुकीच. ती मान खाली घालून भाकरी थापी. माझी पुस्तके संपत आली होती, तेव्हा मी ती दुसऱ्यांदा वाचायला घेतली.

इतके सांगून थांबता आले असते तर? — हलकी गोष्ट झाली असती. पण मी जे लपवले ते हे नाही.

पुढच्या वर्षीच्या कार्तिकात एक जंगम स्वामी आमच्या दारी आले. नीलव्वाच्या गावचे. बार्शीकडे निघाले होते, वाट वाकडी करून आले. त्यांना मराठी येत नव्हते. मामंजी दरवाजालगतच्या ढाळजेत घोंगडीवर बसले होते. दुभाषी म्हणून मला बोलावले. मी दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिले, माझ्यामागे नीलव्वा.

स्वामींनी कानडीत निरोप सांगितला. नीलव्वाच्या आईने दसऱ्यापासून अंथरूण धरले आहे. पोटात काही ठरत नाही. लेकीचे नाव घेते. आहे तोवर घेऊन या.

नीलव्वाने मागून माझा पदर धरला आणि हळू आवाजात, कानडीतच, म्हणाली, “अक्का, अव्वा वाचत नाही. मला आजच धाडा म्हणावं. उशीर झाला तर तोंड दिसायचं नाही.”

मामंजींनी विचारले, “काय म्हंत्यात स्वामी?”

आता नीट ऐका. त्या दिवसांत सुगी चालू होती. बाजरीची खळी, भुईमूग, मूग-उडदाच्या शेंगा — घरात माणसाला माणूस पुरत नव्हते. धाकटी गेली, तर तिचे दोन हात माझ्या दोन हातांवर येणार होते. आणि जिला शिकवायचे तीच नाही, तर धडा कसला? एवढेच होते. याहून मोठे कारण शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, मिळाले नाही.

मी म्हणाले, “धाकटीच्या आईला जरा बरं नाही म्हणतात. सवडीनं लेकीला धाडा, असा निरोप आहे.”

“आन् ती काय म्हंती?”

“ती म्हणते, सुगी उरकली की जाऊन येईन.”

मामंजी खूश झाले. “शहाणी हाय पोरगी. सुगी झाली की मी सोता गाडी जुंपून देतो. स्वामींना सांगा, काळजी करू नका म्हणावं.”

मामंजींचे हे बोलणे मी स्वामींना कानडीत सांगितले, तेही तितकेच सौम्य करून — सुगीचे नाव न घेता, लवकरच धाडतो म्हणतात, एवढेच. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला.

आणि हे सारे होताना, तुमच्या लक्षात आलेच असेल, माझ्यामागे उभी असलेली मुलगी दोन्ही भाषा जाणत होती. आत जे कानडीत गेले आणि बाहेर जे मराठीत आले, दोन्ही तिने ऐकले. तिथे हे फक्त मला माहीत होते. माहीत असूनच मी बोलले. मी वळून पाहिले. तिच्या नजरेत राग असता तर मी कदाचित — नाही, कदाचितही नको. फळ्यावर बाईंनी काही अवघड लिहिले आणि ते कळले नाही, की मुली कशा पाहतात? बाई आता समजावून सांगतील, अशा भरवशाने? ती तशी पाहत होती. मग स्वामींचे पान वाढायला आत गेली.

एकच वाक्य पुरे होते. त्याच वेळी, किंवा संध्याकाळी, किंवा दुसऱ्या दिवशी, किंवा त्याच्या पुढच्या दिवशी. मामंजी कठोर नव्हते. आईचे शेवटचे आजारपण कळते, तर खळ्यावरची बैलजोडी सोडून त्यांनी गाडीला जुंपली असती. मी ते वाक्य बोलले नाही. दुपारी आम्ही बळदाच्या खोलीत बसलो. मी तिला काय शिकवले ते आठवत नाही, पण धडा झाला.

खळी उठायच्या आत बातमी आली. मामंजी सुन्न झाले. “येवढ्यात कसं काय?” असे मला विचारले. मी म्हणाले, “अचानक झालं असेल.” लगोलग गाडी निघाली — बार्शीपर्यंत गाडी, तिथून आगगाडी, पुढे पुन्हा गाडी. नीलव्वा मातीलाही पोहोचली नाही.

दिवसकार्य करून ती परतली तेव्हा मामंजी ढाळजेतच होते. तिने गाठोडे खाली ठेवले, पदर सारखा केला, आणि रीत मोडून, सरळ त्यांच्यासमोर उभी राहून बोलली.

“मामंजी, अव्वाचं समदं यवस्थित झालं. तुमी गाडी दिली, संगट माणूस धाडलं, तुमचे लई उपकार हायेत.”

माजघरातून आत्याबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. “आगं बाई, ही तर आपल्यावानी बोलतीया.”

ती का बोलली, हे मला तेव्हाच कळले. माझ्या धाकामागे तिची आई होती. आता जपायला कोणी उरले नव्हते. बाकी कोणाला हे कळण्याचे कारण नव्हते. मामंजी माझ्याकडे वळून म्हणाले, “मोठ्या सूनबाई, दीड वर्षात पोरीला असं तयार केलंत. तुमच्या हाताला यश हाय.”

मी पदर ओढून घेतला आणि वाकून नमस्कार केला.

त्या नमस्कारावर माझे पुढचे आयुष्य उभे आहे. मामंजींनी ही गोष्ट कौतुकाने गावभर सांगितली. गावात मुलींसाठी शाळा काढायची बोलणी चालली होती. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, एक साहेब पाहणीला आले, तेव्हा मामंजींनी त्यांनाही सांगितली. साहेबांनी मला उर्दूत विचारले, “सुना है, आपने देवरानी को मराठी सिखाई. कितने अरसे में?”

मी म्हणाले, “जी, डेढ साल में.”

“बहुत खूब,” साहेब म्हणाले. मामंजींना अर्धेमुर्धे कळले, त्यांनी मान डोलावली. नीलव्वा दाराआडून चहाचे कप पुढे करीत होती. उर्दू तिला येत नव्हती. माझ्या खोट्यातले एवढेच तिला कळले नाही.

मी शाळेवर लागले. मला शाळा जमली — हे ठामपणे सांगते. मुली घडल्या, काही शिक्षिका झाल्या. पुढे राज्य बदलले, तपासनीस बदलले, माझा शेरा चांगलाच राहिला. त्या सगळ्याचा पाया काय आहे हे मला रोज ठाऊक होते, आणि त्यामुळे शिकवण्यात कधी कसूर झाली नाही. असे होऊ शकते. वाईट कृत्यावर उभे राहून माणूस चांगले काम करू शकतो, आणि त्या कामाने ते कृत्य पुसले जात नाही. दोन्ही आपापल्या जागी राहतात.

नीलव्वाने मला कधी काही विचारले नाही. तिला मुले झाली, नातवंडे झाली. ईटच्या बोलीत ती असे बोले, की ती कानडी मुलखातली आहे हे नव्या माणसाला सांगूनही पटत नसे. मी शाळेतून दमून आले की पाण्याचा तांब्या तीच पुढे करी.

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर पुष्कळ वर्षांनी एका दुपारी आम्ही दोघी ओसरीवर वाती वळत बसलो होतो. काही विषय नव्हता. ती सहज बोलू लागली.

“अक्का, त्या स्वामींच्या वक्ताला तुमी मामंजींना सवडीनं म्हणलात. मला समदं कळत हुतं बघा.”

माझा हात थांबला. तिचा थांबला नाही.

“मला वाटलं, ह्या घरात मागायची रीतच अशी असंल. आपण थोडं मागायचं, मंग मोठी माणसं आपणहून जास्ती देत्यात. अक्का शिकलेली हाय, तिला ठावं असंल कसं मागायचं ते. म्हून मी गप बसले. रोज वाटायचं, आज गाडी जुंपतील.” तिने वात बोटावरून उतरवली आणि डब्यात ठेवली. “तशीच रीत व्हती न्हवं का?”

ती माझ्याकडे पाहत होती. घरात दुसरे कोणी नव्हते. मला कसलीच भीती उरली नव्हती. परात नव्हती, शाळा नव्हती, मामंजी नव्हते.

मी म्हणाले, “व्हय. तशीच रीत होती.”

तिने मान हलवली आणि पुढचा कापूस घेतला. त्यानंतर ती बरीच वर्षे जगली. आम्ही एकाच घरात होतो.